पाच महिन्यांची मुलगी रात्री दर तासाला उठते. झोळी सोडवायची कशी? जायफळ द्यावं का?

पलूसची_सून

नमस्कार मंडळी. मुलगी पाच महिन्यांची. जन्माचं वजन २ किलो ९००, आत्ता ६ किलो ७००. फक्त अंगावरचं दूध. पंधरवड्यापूर्वी माहेरहून सासरी आणली, तेव्हापासून रात्रीचं गणित बिघडलंय. दिनक्रम आहे तसा लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

सकाळी ७ ला उठते. ९ ला पाऊण तास झोप. न्हाऊ घालायला बाई ११.३० ला येतात. तेल, आंघोळ, टाळू भरणं, मग दुपट्यात गुंडाळून झोळीत. १२ ते ३.३० अशी गाढ झोपते की शेजारी भांडी पडली तरी हलत नाही. परत संध्याकाळी ६.३० ते ७.३०. आमच्याकडे जेवणं साडेनऊला, तोवर टीव्ही चालू. १०.३० ला झोळीत झोके देऊन झोपवायची आणि उचलून गादीवर ठेवायची. ११.१५ ला पहिल्यांदा उठते, पुढे तासा-सव्वातासाने. दर वेळी पाजलं तरच डोळा लागतो.

सासूबाईंचं म्हणणं, जायफळाचे दोन वेढे उगाळून द्यावेत आणि रात्री नाचणीचं सत्त्व चालू करावं, पोट भरलं की गप झोपेल. शेजारच्या वहिनी सर्दीचं औषध अर्धा चमचा द्या म्हणतात. नाही म्हणायचं तर कारण नीट सांगता आलं पाहिजे. आणि खोलीत एकटं रडू द्यायचा प्रकार सांगू नका, घरात नऊ माणसं आहेत, कुणीतरी उचलणारच.

मिरजेच्या_सिस्टर

ताई, वजन दुपटीच्या वर गेलंय, म्हणजे दुधाची तक्रार नाही. घोळ दोन ठिकाणी आहे: दुपारच्या झोपेत आणि झोळीत.

आधी दुपार. या वयाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते, बहुतेक मुलं १४ च्या आसपास. तुमची दिवसाच सव्वापाच तास झोपते. शिवाय त्यातली साडेतीन तासांची झोप सगळ्या दिवसातली सर्वांत खोल आहे, कारण रात्रीच्या झोपेला जे लागतं ते सगळं तिथे आपण तयार करून देतो. मालीशने अंग सैलावतं, गरम पाण्याने कातडी तापते, बाहेर आल्यावर शरीर निवतं आणि निवताना झोप येते. त्यात अंधारी खोली, पोटभर दूध, गच्च दुपटं. मोठी झोप दुपारी उरकली की रात्री उरतात ते तुकडे.

बाईंना १०.३० ला यायला सांगून बघा. त्यांची चार घरं असतात, वेळ बदलणं जमलं नाही तर आंघोळ आहे तिथेच राहू दे, पण झोप दोन तासांवर थांबवा. झोपलेलं मूल उठवू नये असं आपल्याकडे म्हणतात, इथे उठवायचंच. हलवून नाही. पडदा उघडायचा, दुपटं सोडायचं, लंगोट बदलायला घ्यायचा, आपोआप जागी होते.

दिवस साधारण असा बसवा: ७ ला उठणं, ८.४५ ते ९.३० झोप, १०.३० ला मालीश-आंघोळ, ११.३० ते १.३० मोठी झोप, ३.३० ते ४.१५ मधली, ६.१५ ला फार तर वीस-पंचवीस मिनिटं, आणि ८.३० ला रात्रीची झोप. मधला जागेपणा पावणेदोन ते सव्वादोन तासांचा. घड्याळाला चिकटू नका. डोळे चोळणं, कान ओढणं, नजर एका जागी लागणं दिसलं की वेळ झाली समजायची. किरकिर सुरू झाली म्हणजे वेळ टळली. अति दमलेलं मूल झोपायला जास्त झुंजतं, त्यामुळे 'अजून थोडं खेळवू, मग गाढ झोपेल' हा हिशोब उलटा पडतो. साडेदहा हा तिच्यासाठी फार उशीर आहे.

आता झोळी. एवढ्या लहान मुलाचं झोपेचं एक चक्र पाऊण ते एक तासाचं असतं. चक्र संपलं की मूल अर्धवट जागं होतं, आपण कूस बदलतो तसं. झोप लागताना आजूबाजूला जे होतं ते तसंच असेल तर परत झोपतं. तुमची मुलगी झोके खात, हवेत, साडीच्या घट्ट कुशीत झोपते आणि पाऊण तासाने जागी होते सपाट गादीवर. १०.३० ला झोपून ११.१५ ला उठते, बघा, बरोबर एक चक्र. तिला भूक लागलेली नसते, झोका थांबलेला असतो. पाजणं हा झोक्याला मिळालेला बदली कामगार.

झोळीबद्दल दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कापडात पाठीचा कणा वाकतो, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. पाचव्या महिन्यात मूल वळायला लागतं, मग साडीत तोंड दाबलं जाण्याची भीती. नजर हटणार असेल तेव्हा झोळी नको, रात्री तर नकोच. झोपायची जागा सपाट आणि कडक, मूल उताणं, उशी नाही, मोहरीची उशीसुद्धा नाही, गोधडी अंगावर सैल नाही. नव्या कापसाची फुगीर गादी असेल तर त्यापेक्षा सतरंजी आणि वर घडी केलेली चादर बरी. पहिले सहा महिने तरी आईच्या खोलीतच, पण अंथरूण वेगळं. आणि दुपट्यात गुंडाळणं आता बंद. वळायची चिन्हं दिसली की हात बांधलेले नकोत.

सोडवायचं कसं, तर एकटं न रडवता, पायरी पायरीने. प्रत्येक पायरीला तीन रात्री द्या.

पहिल्या पायरीत झोके द्यायचे, पण झोप लागेपर्यंत नाही. पापण्या जड झाल्या, मुठी सैल पडल्या की झोका थांबवायचा आणि छातीवर तळहात ठेवून उभं राहायचं. झोप लागली की लगेच गादीवर. उरलेली मिनिटं ती झोक्याशिवाय काढते, एवढाच धडा.

दुसऱ्या पायरीत झोळी नाही, मांडीवर किंवा खांद्यावर. पेंगुळली की गादीवर ठेवायची. ठेवताना आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं; उलटं केलं की पडल्यासारखं वाटून दचकते. हात काढू नका, मिनिटभर तसाच. मग मांडीवर किंवा कुल्ल्यावर थोपटायचं, संथ, सेकंदाला एक.

तिसरीत सरळ गादीवर, जागी असताना, नुसतं थोपटून. चौथीत थोपटण्याचा वेग कमी, मग नुसता हात, मग हात बाजूला आणि तुम्ही शेजारी बसलेल्या.

रडली तर उचला, शांत करा आणि पुन्हा त्याच पायरीवर ठेवा. उचलणं चुकीचं नाही. उचलून परत झोळीत टाकणं तेवढं टाळायचं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रडणं वाढतं, घरचे तिथेच हार मानतात. पहिल्या रात्रीपेक्षा जास्त रडते म्हणजे उपाय चुकला असं नाही, जुनी सवय शेवटची ओढ काढते.

पाजणं झोपेच्या टोकाला नको, सुरुवातीला हवं. ८ ला खोलीतला मोठा दिवा बंद, कोमट पाण्याने अंग पुसणं, कपडे, पाजणं, ढेकर, रात्रीचा डायपर, एक अंगाई, गादी. दूध संपणं आणि डोळा लागणं यात पंधरा-वीस मिनिटं जायला हवीत. रोज हाच क्रम आणि हीच अंगाई. मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो.

रात्री आवाज आला की मिनिट-दोन मिनिटं नुसतं बघा. लहान मुलांची बरीचशी झोप चळवळी असते. कण्हतात, हातपाय झाडतात, क्वचित डोळेही किलकिले करतात आणि तरी झोपलेलीच असतात. आपण उचलतो आणि खरोखर जागं करतो.

कराडची_काकू

सिस्टरांशी सहमत, एक दुरुस्ती. रात्रीचं पाजणं घड्याळ लावून तोडू नका. या वयात रात्री दोनदा, क्वचित तीनदा पिणं हे बरोबरच आहे. मागच्या पाजण्याला तीन तास झाले असतील तर सरळ पाजा, त्याआधी उठली तर थोपटून बघा. बहुतेकींचं १२ आणि ४ च्या आसपास बसतं.

आणखी एक, जे सासरी आल्यावर हमखास होतं. चार महिन्यांनंतर मुलाला जग दिसायला लागतं. बाहेरच्या सोप्यात, माणसांत, टीव्हीसमोर पाजायला घेतलं की दोन घोट पितं, मान वळवतं, पुन्हा दोन घोट. दिवसाचा कोटा अर्धा राहतो आणि रात्री शांततेत वसूल होतो. सकाळी ७ ते रात्री ८ दर अडीच-तीन तासांनी, आतल्या खोलीत, दार लोटून पाजा. एका बाजूचं पुरतं संपू दे, मग दुसरी. आठवड्याभरात रात्रीची मागणी आपोआप उतरते.

सासूबाईंना सांगायची कारणं. सत्त्व रात्री दिल्याने मूल जास्त वेळ झोपत नाही, कारण ती उठते ती भुकेने नव्हे. उलट पातळ सत्त्वाने पोट भरतं, दूध कमी प्यायलं जातं आणि दूधही आटतं. सहा महिने पुरे झाले की नाचणी जरूर, दिवसा, चमच्याने. दूध पुरतंय का याची खूण वजन आणि लघवी. २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले म्हणजे पुरतंय.

जायफळाचं: मापच नसतं. दोन वेढे म्हणजे किती, ते सहाणेवर, जायफळ जुनं की ताजं यावर आणि हाताच्या जोरावर ठरतं. त्यातलं मिरिस्टिसीन मेंदूवर चालतं, जास्त झालं तर मूल सुस्त पडतं. सुस्त पडलेलं मूल शांत झोपलंय की आजारी आहे हे ओळखता येत नाही, आणि धोका तिथेच आहे. सहाणेवरच्या पाण्यातून जुलाब लागतात ते वेगळंच. सासूबाईंना उगाळायचंच असेल तर जायफळ लाडवात घालू दे, तुम्ही खा.

सर्दीचं औषध झोपेसाठी देणं हा सगळ्यांत वाईट सल्ला. त्या बाटल्यांत बहुधा क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन असतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायला लावलं. बाटली दाखवून वाचून दाखवा, वाद मिटतो. मधाचं बोटही वर्षापर्यंत नाही.

आईकडूनही काही गोष्टी दुधात जातात. दिवसाला पाच-सहा कप कडक चहा होत असेल तर दोनवर आणा, दुपारनंतर नको. घरात कुणी बाळंतिणीला तंबाखूची मिश्री लावायला देत असेल तर ती बंदच. निकोटीन दुधात उतरतं आणि मुलाची झोप तुटते, हे बायकांना कुणी सांगत नाही.

कोरेगावकर_बाबा

खोलीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

हंगाम चालू आहे. रस्त्याला लागून घर असेल तर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि त्यावरचे टेप. एका सुरातला आवाज रात्रभर चालू ठेवला तर हे मधले आवाज बुडतात. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून, मुलापासून निदान सहा-सात फूट लांब, शेजारी बोललेलं सहज ऐकू येईल एवढाच. मोबाइलवर आवाज लावून कानाशी ठेवणं नको. आणि मध्येच बंद होणारा आवाज असून नसल्यासारखा, उलट तो बंद झाला की मूल उठतं. लाइट जात असेल तर फॅन इन्व्हर्टरवर घ्या.

थंडीत लोक मुलाला कांद्यासारखं गुंडाळतात. आपल्यापेक्षा एक थर जास्त, एवढंच. घरात आल्यावर आणि झोपताना कुंची-कानटोपी काढा, मूल डोक्यातून बरीच उष्णता टाकतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे बोट घालून बघा. तिथे घाम म्हणजे कपडे जास्त. कोळशाची शेगडी बंद खोलीत रात्रभर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ, वायू साचतो आणि वासही येत नाही. वेखंड-ओव्याची धुरीही मूल बाहेर असताना, धूर निघून गेल्यावर आत आणायचं. ट्रंकेतले लोकरीचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले असतील तर धुऊन, दोन दिवस कडक उन्हात घालूनच अंगावर. काही मुलांना त्या वासाने कावीळ होते.

मच्छरदाणी छत्रीची असेल आणि मूल वळत असेल तर तोंड जाळीला लागतं आणि बाहेरून डास चावतात. मोठी दाणी, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. कॉइल नको.

रात्री लंगोट बदलायचा तर झिरोचा पिवळा बल्ब, खाली, पायाकडे. ट्यूब लावली की तिच्या लेखी सकाळ. उलट सकाळी ७ ला दार-खिडक्या उघडून तिला अंगणात आणा, उजेड डोळ्यांवर आला पाहिजे. दिवसरात्रीचं घड्याळ त्यावरच जुळतं.

पलूसची_सून

सगळ्यांचे आभार. बाई ११ ला येतो म्हणाल्या, बाकी दोन तासांवर उठवणार. तीन शंका. एक, झोपेत पालथी होते आणि मग रडते, दर वेळी सरळ करायची का? दोन, सासूबाईंना मध्ये न दुखावता कसं ठेवायचं? तीन, कधी कधी झोपेतून उठल्या उठल्या अंग दचकल्यासारखं होतं, ते साधं का?

मिरजेच्या_सिस्टर

तिसरी शंका आधी. दार आपटलं, खाली ठेवलं आणि एकदा दोन्ही हात फाकले, संपलं. हे दचकणं, आणि ते पाच-सहा महिन्यांपर्यंत विरतं. पण उठल्या उठल्या, काही कारण नसताना, मान आणि हात पुढे झटक्याने येणं, काही सेकंदांनी परत, परत, असे झटके रांगेने येत असतील तर तो आकडीचा प्रकार असू शकतो. चार ते सात महिन्यांत तो जास्त दिसतो आणि घरचे पोटदुखी समजून दिवस घालवतात. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मिरज-सांगलीत मेंदूविकाराचे बालतज्ज्ञ आहेत, थांबायचं कारण नाही. एकेकटं दचकणं असेल तर विसरून जा. पण आधी व्हिडिओ.

त्याच ओघात: ताप, दूध टाकणं, हिरवी उलटी, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, झोपेत रोज घोरणं, आडवं केलं की किंचाळणं आणि उभं धरलं की थांबणं, यातलं काहीही असेल तर झोपेचे धडे बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. शेवटचं लक्षण बरेचदा कानाचं असतं.

पालथी होण्याचं: ठेवताना नेहमी उताणी. स्वतःहून दोन्ही बाजूंना वळता येत असेल तर झोपेत पालथी झालेली तशीच राहू दे, रात्रभर पहारा नको. एकाच बाजूला वळता येत असेल तर सरळ करा आणि दिवसा जागेपणी सतरंजीवर पालथं घालून खेळवा, पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दुसऱ्या बाजूला वळणं जमलं की रात्रीचं रडणं थांबतं.

सहा महिन्यांची झाली की आशाताई लोहाचं सिरप देतील, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते चुकवू नका. लोह कमी असलेली मुलं रात्री नुसती तळमळतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

कराडची_काकू

सासूबाईंना बाजूला ठेवू नका, कामाला लावा. पहाटे ५ नंतर झोप पातळ असते, तेव्हा आईने थोपटलं की दुधाचा वास येतो आणि मूल प्यायलाच बघतं. त्या पाळीला आजीचा हात जास्त चालतो. ५ ते ७ त्यांच्याकडे, तुम्हाला सलग दोन तास. दिवेलागणीला दृष्ट काढायची असेल तर काढू दे, मिरच्या-मोहऱ्या चुलीत टाकताना मूल दुसऱ्या खोलीत. अंगाई त्यांचीच असू दे. 'सासूबाई, तुमच्याशिवाय ती झोपत नाही' हे वाक्य जायफळापेक्षा भारी काम करतं.

टीव्ही साडेआठला बंद होणार नाही हे धरून चाला. आवाज कमी, दार लोटलेलं, फॅन चालू, तेवढं पुरे.

पलूसची_सून

संक्रांतीला माहेरी जायचंय, बोरन्हाण आहे. तोवर जमलं तर तिकडे जाऊन सगळं मोडेल ना?

कोरेगावकर_बाबा

थोडं मोडेल. पायरी दोनपासून परत सुरू करायचं, दुसऱ्या वेळी निम्म्या दिवसांत बसतं. जाताना तिच्या अंथरुणाची न धुतलेली चादर न्या, वास ओळखीचा राहतो. एसटी दुपारच्या झोपेच्या वेळची धरा. बोरन्हाण चारच्या झोपेनंतर, पाच-साडेपाचला उरका. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा यातलं काहीही तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. पोरं उचलायला धावतात त्या गडबडीत मुठीत एखादा हरभरा राहतो, तर मूठ उघडून बघा. माहेरच्यांना आधीच फोन करून ठेवा, माळ्यावरची झोळी खाली काढू नका म्हणून.